चौदा जणांनी मिळून एक पाणकोंबडी कशी पाहावी

पक्षी एकट्यालाही दिसतात. पण एकट्याला दिसलेला पक्षी कोणी मानत नाही, म्हणून पक्षिनिरीक्षणाला घोळक्याने जाण्याची पद्धत आहे. घोळका चौदा जणांचा असावा, कारण टेम्पो ट्रॅव्हलरचे भाडे चौदांत बरे पडते. पक्ष्यांना विचाराल तर योग्य संख्या दोन. पण पक्षी वर्गणी देत नाहीत.

स्थळ नांदूर मध्यमेश्वर धरावे. ऋतू हिवाळा. नाशिकच्या द्वारका चौकातून पहाटे साडेपाचला निघायचे असे आदल्या रात्री ग्रुपवर टाकावे, म्हणजे सव्वासहाला निघता येते. आयोजकाने माहिती गाडीतच सांगून टाकावी. एकदा माणसे खाली उतरली की ऐकत नाहीत. ती अशी : गोदावरी आणि कादवा यांच्या संगमापाशी इंग्रजी अमदानीत बंधारा बांधला. तो वर्षानुवर्षे गाळाने भरत गेला, पाणी उथळ झाले, मध्ये बेटे तयार झाली, पाणवनस्पती माजल्या. गाळ ही पाटबंधारेवाल्यांची डोकेदुखी. लांब पायांच्या आणि चपट्या चोचींच्या मंडळींना मात्र तो फार मानवला. १९८६ मध्ये इथे अभयारण्य झाले. इराणमधल्या रामसर गावी १९७१ साली पाणथळींसाठी जो करार झाला, त्याच्या यादीत महाराष्ट्रातले पहिले नाव २०२० च्या जानेवारीत जाहीर झाले, ते नांदूरचे. लोणार आणि ठाण्याची खाडी नंतर आली. इथपर्यंत पोहोचले की मागच्या सीटवरून प्रश्न येतो, "मिसळ कुठे खायची?"

प्रश्न गंभीर आहे. पक्षी सकाळी सात ते नऊ चांगले दिसतात आणि मिसळीची तर्रीही त्याच वेळात ताजी असते. यावर मतदान घेऊ नये. पक्षी हरतात.

कपडे मातकट रंगाचे असावेत, असे आधी तीनदा कळवावे. तरीही एक जण पांढराशुभ्र टी-शर्ट घालून येतोच. त्याला गायबगळ्यांच्या बाजूला उभे करावे.

दुर्बीण ८ बाय ४२ ची पुरते : ८ पट मोठे दिसते आणि पुढच्या भिंगाचा व्यास ४२ मिलिमीटर. १० पटीची गळ्यात अधिक शोभते, पण तीत हाताची थरथरही १० पट होते, त्यामुळे शेकाट्याच्या गुलाबी काटकुळ्या पायांना उगीचच कंप सुटल्यासारखा वाटतो. उजव्या डोळ्यापाशी एक लहान चाक असते, ते आपापल्या नजरेला जुळवून घ्यायचे असते. दुर्बीण चौघांत एक असेल तर प्रत्येकाने ते जुळवावे आणि "धूसरच दिसतंय हो" म्हणत पुढच्याकडे द्यावी. ती पुन्हा हाती येईपर्यंत पाण्यावरचा पक्षी बदललेला असतो.

आता मुख्य विद्या, ती म्हणजे दिसलेला पक्षी दुसऱ्याला दाखवणे. इथे सर्वांचा कस लागतो. नमुन्यादाखल निरीक्षण मनोऱ्यावरचा संवाद देतो.

"तो बघा, बाभळीवर."

"कुठल्या बाभळीवर?"

"ती नाही का, वाळलेली. तिच्या डावीकडे."

"माझ्या डावीकडे की बाभळीच्या?"

अनुभवी मंडळी घड्याळाची पद्धत वापरतात. समोरचे झाड म्हणजे घड्याळ धरायचे आणि काट्याची जागा सांगायची. "दोन वाजता, वरच्या फांदीवर!" असे कोणी ओरडले की गटातल्या काकू हमखास विचारतात, "अगंबाई, दोनपर्यंत थांबायचंय? डबे तर गाडीतच राहिलेत." तोवर खंड्याने मासा धरून फांदीवर आपटलेला, गिळलेला आणि जागा सोडलेली असते. तरीही सर्वांनी "दिसला, दिसला" म्हणावे. न म्हणणाऱ्यामुळे सगळा गट खोळंबतो.

सोबत गावातला गाईड घ्यावाच. तो दुर्बिणीशिवाय सांगतो आणि त्याचे बरोबर असते. त्याने सांगितलेले नाव शहरातल्या माणसाने पुस्तकात पडताळून पाहावे. पान सापडेपर्यंत तो पुढच्या तिघांची नावे सांगून मोकळा होतो. नवख्यांना त्याने आधी वारकरी दाखवावेत : अंग काळे, कपाळावर पांढरा टिळा, संख्या भरपूर. सुरुवातीला सगळे ते मोजू लागतात. थोड्या वेळाने "वारकरीच आहेत" एवढे म्हणून मान फिरवायला जमले, की माणूस पक्षिनिरीक्षक झाला असे समजावे. वास्तविक त्याच वेळी वरून दलदली भोवत्या संथपणे तरंगत येतो, वारकऱ्यांचा थवा एकमेकांना बिलगून घट्ट होतो, आणि काही जण पाण्यावर धावत धावत कसेबसे उडतात. पण हे पाहायला मान फिरवलेली नसावी लागते.

जांभळी पाणकोंबडी मात्र चौदाही जणांना दिसते. ती कोंबडीएवढी, निळी-जांभळी, चोच आणि कपाळ लालभडक आणि भिडेचे तिला काही नाही. लव्हाळ्याचा कोंब ती मुळापासून उपटते, एका पायाच्या लांब बोटांत धरते आणि चोचीने सोलून आतला पांढरा गाभा खाते. मधून शेपूट उडवते आणि खालची पांढरी पिसे दाखवते. इतके नीट दिसत असल्यामुळे जाणकार तिच्याकडे बघत नाहीत. त्यांनी मिलिमीटरमध्ये सांगायची लेन्स खांद्यावरून आणलेली असते. ती कोंबडीसाठी नव्हे. शेजारी कमळपक्षी पानांवरून चालत असला तर नवख्याने "याची लांब शेपटी कुठाय?" असे विचारू नये. ती विणीच्या हंगामात येते. पुस्तकातला फोटो पावसाळ्यातला असतो.

उंचावरच्या पक्ष्याबाबत एकच नियम. घारीला घार म्हणायची घाई करू नये. "गरुड असावा, पण कोवळा" असे पुटपुटावे. शेपटीची खाच दिसलीच, तर दुसऱ्या कोणी तरी तिला घार म्हणेपर्यंत धीर धरावा. भुरक्या, चिमणीएवढ्या आणि सतत हलणाऱ्या पक्ष्याला वटवट्या म्हणावे. त्यापुढे कोणी "कुठला?" विचारले तर चहाची चौकशी करावी.

मग शेतातून जायचे. बांधावरून, एकामागे एक. कांद्याच्या रोपात पाय घालणाऱ्याला परत घेऊन जाऊ नये. गव्हाला पाणी भरलेले असेल तिथे थांबावे, कारण पाण्याबरोबर वर आलेले किडे टिपायला गायबगळे, धोबी, साळुंक्या सगळे एकदम जमतात आणि तिथे बाभळीची भानगड नसते. ज्वारी निसवलेली असेल तर भोरड्यांचे थवे मिळतात. युरोपच्या पूर्व टोकापासून मध्य आशियापर्यंतच्या माळांवरून त्या इथे हुरडा खायला येतात, आपण नाशिकहून येतो.

शेतात तिपाई उभी करण्यापूर्वी शेतकऱ्याशी बोलून घ्यावे. तिपाईवर नळकांडे आणि मागे टोपीवाली माणसे दिसली की त्याच्या मनात पहिला विचार भूसंपादनाचा येतो.

"काय साहेब, मोजणी का? कुठला रस्ता काढताय?"

"नाही दादा, पक्षी बघायला आलोय."

"पक्षी? मग आमच्या द्राक्षात या की! तिथं लई."

हे आमंत्रण चेष्टेचे नसते. निफाडच्या बागांत मणी गोड व्हायला लागले की बुलबुल आणि साळुंक्या उतरतात. बागेवर जाळी टाकायची, चमकत्या पट्ट्या बांधायच्या, डबे वाजवायला माणूस ठेवायचा, हा सगळा त्याचा खर्च. बांधाच्या अलीकडे पक्षी दिसावेत म्हणून पैसे देणारे आणि पलीकडे दिसू नयेत म्हणून देणारे. अशा वेळी पक्ष्यांचे पर्यावरणातले महत्त्व समजावून सांगू नये. चार पेट्या द्राक्षे विकत घ्यावीत आणि भाव करू नये.

परतीच्या गाडीत यादी करतात. हे काम शांत स्वभावाच्या माणसाकडे द्यावे. पाहिलेला, ऐकलेला आणि "गाईडने पाहिलेला" असे तीन वर्ग पाडावेत. तिसऱ्यावरून भांडण होते, ते सिन्नर फाट्यापर्यंत पुरते. एकूण आकडा कधीही साठ सांगू नये. साठ म्हटले की लोकांना संशय येतो, एकसष्ट म्हटले की अभ्यास दिसतो. पाळीव बदके यादीत धरण्याची पद्धत नाही. मात्र साठावर गाडी अडलीच, तर चापडगावच्या डबक्यात मघाशी दिसले ते पांढरे बदक पाळीवच होते, हे तरी कोणी जवळ जाऊन विचारले होते?