एरंडाचं गुऱ्हाळ

गेल्या महिन्यात आमची लिफ्ट दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये अडकली. आत मी, दुधाच्या दोन पिशव्या आणि नाना. मी बटणं दाबत होते, वॉचमनला फोन लावत होते. नाना मान वर करून छताकडे बघत होते. मग म्हणाले, "हिला कुणी कधी एरंडेल घातलंय का?"

नाना कोण ते सांगत बसत नाही, तुमच्याकडेही आहेत. तुमचे कदाचित वेखंडवाले असतील, नाहीतर तुरटीवाले. आमच्या डोंबिवलीच्या पंधरा घरांच्या इमारतीच्या वाट्याला एरंडेलवाले आले, इतकंच. 'पूर्वी आमच्याकडे' असं म्हणून त्यांनी सोफ्यावर मांडी घातली, की आपण गॅस बंद करून यावा हे उत्तम.

खरी चिडचिड होते ती त्यांचं बरंचसं बरोबर निघतं म्हणून. चिंचेने पितळ उजळतं. रिठ्याच्या पाण्यात पैठणीचा रंग टिकतो. लोणच्याच्या बरणीला हिंगाची धुरी द्यावी, मिरच्या देठं काढून ठेवाव्यात. हे सगळं मी करते, फक्त नानांना कळू देत नाही. कारण एका युक्तीला 'हो' म्हटलं की तिचं बोट धरून मागून एरंडेल येतं.

टाचा फुटल्या? एरंडेल. कोल्हापुरी चप्पल चावते? रात्री एरंडेल लावून ठेव. गुडघा सुजलाय? एरंडाचं पान तव्यावर शेकून बांध, वर एरंडेल. सोसायटीच्या वार्षिक सभेत पाण्याच्या पंपावर तासभर भांडण झालं. शेवटी नाना उठले तेव्हा सेक्रेटरींनी इतिवृत्तात आधीच 'एरंडेल' लिहून ठेवलं होतं. नाना म्हणाले, "मला पार्किंगबद्दल बोलायचं होतं." थोडं थांबून म्हणाले, "पण पंपालाही हरकत नाही."

कुणी हसलं की ते विमान काढतात. पहिल्या महायुद्धातल्या कित्येक विमानांच्या इंजिनांना वंगण म्हणून एरंडेल असायचं, आणि कॅस्ट्रॉल या नावातही इंग्रजी एरंडेलच दडलेलं आहे. ते नाव १९०९ सालचं. मी एकदा ही गोष्ट खोटी पाडायच्या इराद्याने शोधली. खरी निघाली. वर असंही वाचायला मिळालं, की इंजिनातून उडणारं ते तेल पोटात जाऊन वैमानिकांचे फार हाल व्हायचे. हे मी नानांना सांगितलं, तर ते एकदम हळवे झाले. "आमचंही दर रविवारी व्हायचं गं." पाच भावंडं ओळीने उभी, हातात आल्याचा चहा, चहावर तरंगणारं तेल, आणि दारात छडी घेऊन आजोबा. एरंडेल प्यायल्यासारखा चेहरा हा वाक्प्रचार या माणसाने आयुष्यातल्या निदान पाचशे रविवारी अंगी बाणवलेला आहे. असं असून माझ्या भाचीच्या तीन महिन्यांच्या बाळालाही 'बोटभर चाटव' म्हणून सांगायला गेलेच. भाचीने बाळाच्या डॉक्टरांना विचारलं. डॉक्टरांनी तेल राहू दिलं बाजूला, आधी हा सल्ला देणाऱ्याचं वय विचारलं.

त्यांचा सगळ्यात मोठा विजय मात्र माझ्याच घरात झाला. लेकीने मोबाईलवर काहीबाही बघून पापण्या दाट करायला एक इवलीशी बाटली मागवली. काळी काच, ड्रॉपर, सहाशे रुपये. नानांनी झाकण उघडून वास घेतला, बाटली दिव्यासमोर धरली, आणि इतक्या प्रेमाने म्हणाले, "याने आम्ही बैलगाडीचा आस मऊ ठेवायचो." लेक त्यांच्याशी आठवडाभर बोलली नाही.

एक दिवस मात्र माझा पारा चढला. विषय वर्षाच्या धान्याचा. "पूर्वी किती सोपं होतं," नाना सांगत होते. "एप्रिल-मेमध्ये एकदा डाळीला एरंडेल चोळलं की वर्षभर पोरकिडा नाही. तेलाचा थर असला की भुंग्याची अंडी दाण्याला चिकटत नाहीत, चिकटली तरी गुदमरतात. शास्त्र आहे!" शास्त्र आहेच. पण त्या शास्त्राला गच्ची लागते, उन्हाळा लागतो, आणि पोती चाळायला, निवडायला, वाळत घालायला, ढग आले की धावत जाऊन उचलायला चार बायका लागतात. मी विचारलं, "नाना, यात तुमचं काम काय असायचं?"

त्यांनी प्रामाणिकपणे आठवून बघितलं. "मी वाण्याकडून बाटली आणायचो."

हसू नका. जुन्या युक्त्यांचे निम्मे भाट हे बाटली आणणारेच असतात. यांना 'पूर्वी' सोपं वाटतं, कारण तेव्हा हात दुसऱ्याचे होते. हे सगळं मी त्यांना बोलून दाखवलं, जरा जास्तच बोलले. नाना उठले, चप्पल घातली आणि गेले. पंधरा दिवस आले नाहीत. घर शांत. मला वाटलं होतं तितकं बरं काही वाटलं नाही.

मग मेच्या मध्यावर दाराशी उभे, हातात स्टीलचा मोठा डबा. आत पाच किलो तूरडाळ, आणि ती डाळ गाळात रुतल्यासारखी चकाकत होती. शंभर मिलीची अख्खी बाटली ओतली होती.

"किलोला किती घालायचं गं?"

मी बघत राहिले.

"हिला विचारायचो तर म्हणायची, हाताला कळतं." नानांच्या पत्नीला जाऊन त्या दिवाळीत दोन वर्षं होणार होती. "मला नुसतं एरंडेल माहीत. किती, ते नाही. म्हटलं, कुणीतरी लावत असेल इमारतीत. बघून घेऊ. पण सगळे म्हणतात, नाना आम्ही पाकीट आणतो."

म्हणजे दीड वर्ष हा माणूस चौदा घरांत एरंडेल सांगत नव्हता, विचारत होता. आम्ही कुणी त्याला वाक्य पुरं करू देत नव्हतो.

आणि मलाही माहीत नव्हतं! कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा' १९७० साली आली आणि सासरी गेलेल्या मुलींना वाटी-चमच्याचं माप मिळालं, पण माझ्या आईच्या असल्या कामांची मापं हातातच राहून गेली होती. सांगलीला आईला फोन लावला. ती आधी पोटभर हसली. मग म्हणाली, "किलोला चमचाभर, सव्वा चमचा. पण डाळीवर ओतायचं नाही. तळहातावर घ्यायचं, दोन्ही हात चोळायचे आणि मग डाळ चोळायची. आता त्यात आणखी दहा किलो कोरडी डाळ कालवा. आणि त्यांना म्हणावं, शिजवताना गरम पाण्याने धुवा."

एकट्या माणसाला पंधरा किलो डाळ! वॉचमनने वाण्याकडून उरलेली आणली. आमच्या हॉलमध्ये जुनं धोतर पसरलं आणि नाना खाली बसले. आधी नुसत्या बोटांनी डाळ ढवळत होते. मी म्हटलं, "तळव्यांनी, नाना." मग हात आत गेले, मनगटापर्यंत. बराच वेळ काहीच बोलले नाहीत, एरंडेलाबद्दलसुद्धा नाही. दाणे हळूहळू सुटे व्हायला लागले.

दोन दिवस गच्चीवर ऊन दाखवलं. मग पिशव्या भरल्या, घरटी एक किलो. सेक्रेटरींनी घेतली, पापण्यावालीने स्वतः नेऊन वाटली, आणि पंधरावी नानांकडे राहिली.

त्या पहिल्या संध्याकाळी हात धुवायला मी त्यांना साबण काढून दिला. "कशाला वाया घालवायचं," म्हणाले, आणि जाताना दोन्ही तळहात आमच्या दाराच्या बिजागऱ्यांना पुसून गेले. आमचं दार तसं करकरत नव्हतं.