एकोणीस नंबरवाल्यांचे पेढे

"काकू, ऐकलंत का? एकोणीस नंबरवाल्यांचा धाकटा आलाय न्यू जर्सीहून."

"माहितीय. अमेरिकेची शपथ घेऊन आलाय." काकूंनी मटारची परात भिंतीवर ठेवली. नोएडात थंडी पडली की सेक्टरभर मटार सोलले जातात, आणि त्यांच्याबरोबर शेजारीही.

"त्याची आई सांगत होती, ओसीआय, म्हणजे 'ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया' कार्ड मिळतंय. आता म्हणे दोन्हीकडचा नागरिक."

"डोंबल! नावात 'सिटिझन' आहे म्हणून सगळे फसतात. मत नाही, निवडणुकीला उभं राहणं नाही. आयुष्यभराचा व्हिसा समज." काका नॉर्थ ब्लॉकमधून, गृहखात्यातून निवृत्त झालेले, त्यामुळे या विषयात काकूंना अडवणार कोण?

"पण आपला पासपोर्ट तर अजून आईच्या कपाटात आहे."

"असू दे की! शपथ घेतली त्या क्षणी नागरिकत्व आपोआप गेलं. हुकूम नाही, नोटीस नाही. १९५५च्या कायद्याचं कलम ९. सरेंडर सर्टिफिकेट घ्यावंच लागतं, पण ते नुसता गेल्याचा दाखला."

आतून काकांचा आवाज आला, "घटनेतही कलम ९च! पण ते घटनेआधीच परके झालेल्यांसाठी. २६ नोव्हेंबर १९४९लाच लागू केलं, २६ जानेवारीची वाट न बघता. फाळणी झालेली, कोण कुठला हे आधी ठरायला नको?"

"अहो, तुमचा चहा गार होतोय," काकूंनी त्यांना आवरलं. "आणि यांच्या भाच्याची तऱ्हा वेगळीच. जर्मनीनं २०२४ला दोन नागरिकत्वांना मुभा दिली, म्हणून गडी खूश. अरे, त्यांची हरकत गेली, आपली कुठे गेली?"

"आणि ते गोव्याचं काय असतं हो?"

"माझ्या मडगावच्या जाऊबाईंना विचार! १९६१च्या डिसेंबरआधी तिथं जन्मलेल्यांची जन्मनोंद लिस्बनला करता येते, मुलानातवंडांचीही. मग पोर्तुगालचा पासपोर्ट काढून २०२०पर्यंत पोरं इंग्लंडात स्विंडनला जायची. म्हणतात, आम्ही शपथ कुठे घेतली? पण आपल्या नियमात परका पासपोर्ट काढला की तोच पुरावा."

"इतकं सगळं जातं, तरी लोक सोडतातच ना?"

"२०२२मध्ये सव्वादोन लाखांहून जास्त! संसदेत सांगितलेला आकडा आहे. आणि अक्षयकुमार आठवतो ना? वाढला आपल्या चांदणी चौकात, पासपोर्ट कॅनडाचा. २०१९ला मतदान केलं नाही म्हणून केवढी बोलणी खाल्ली! २०२३च्या १५ ऑगस्टला भारतीय झाल्याचा कागद दाखवला, आणि पुढच्या वर्षी मुंबईत मतदानाला हजर. परत येता येतं गं, पण अर्ज, कागद, वाट बघणं."

मी आवाज खाली आणला. "काकू, त्याच्या नावावर साताऱ्याकडे शेत घ्यायचं चाललंय. बयाणाही देणारेत."

काकूंचे हात थांबले. "शेतजमीन? विकत घेता येत नाही त्याला. वारशानं आली तर गोष्ट वेगळी. गुडगावात हवे तेवढे फ्लॅट घे म्हणावं. आणि मतदार यादीतलं नाव काढलं का विचार. नाव राहिलं तरी हक्क संपलाय."

"मग सांगा ना त्यांना. बयाणा बुडेल."

"मी? परवाच नव्या नागरिकत्वाचे पेढे वाटून गेली ती. दोन खाल्ले, वर अभिनंदनही केलं. आता कुठल्या तोंडानं सांगू? तू मधुमेहाचं कारण काढून पेढा परत केलास ना? मग तूच जा."