चारचाकीचा सातबारा

जुनी गाडी घ्यायची ठरवली की आमच्या साताऱ्यातला माणूस पैशासाठी पतसंस्थेकडे जातो, इंजिनासाठी मिस्त्रीकडे आणि कागदांसाठी भाऊसाहेबांकडे. यांतले पहिले दोघे कधीमधी हो म्हणतात.

भाऊसाहेब हे काही त्यांचं नाव नव्हे. तीसेक वर्षं ते तलाठी होते आणि तलाठ्याला गावात भाऊसाहेबच म्हणतात. निवृत्तीनंतर दप्तर गेलं, हाक राहिली. मध्यंतरी सरकारने तलाठ्याचा ‘ग्राम महसूल अधिकारी’ केला, त्यावर त्यांचं मत एवढंच: “जमीन तीच, बोजा तोच, खातेदाराचं नाव बदललं.”

भाऊसाहेबांना गाडी चालवता येत नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. गाडी बघायला ते एसटीच्या हाफ तिकिटावर येतात. विकणारा उत्साहाने “चला, एक चक्कर मारू” म्हणाला की “ते मिस्त्री बघेल” म्हणून विषय उडवतात. गाडी चालते की नाही ही त्यांच्या लेखी किरकोळ बाब आहे. जमीन पडीक असली तरी कसता येते, उतारा खराब असला तर पिढ्या कोर्टात जातात, हा त्यांचा आयुष्यभराचा अनुभव.

खांद्याला कापडी पिशवी. तिच्यात बॅटरी, भिंग, पेन्सिल, कोरे कागद आणि रुमालात गुंडाळलेलं लोहचुंबक. हे चुंबक जुन्या रेडिओच्या स्पीकरमधून काढलेलं. पत्र्यावर जिथे ते चिकटत नाही तिथे आत पुट्टी भरलेली, म्हणजे गाडी ठोकलेली. सुरुवातीच्या काळात त्यांनी ते एका गाडीच्या बंपरला लावलं आणि “पुढचा अख्खा भाग पुट्टीचाच आहे” असा निर्णय देऊन ते उठले. बंपर प्लॅस्टिकचा असतो हे मिस्त्रीने सांगेपर्यंत विकणाऱ्याने हजारांच्या हिशेबात किंमत उतरवली होती. भाऊसाहेबांनी चूक मान्य केली, किंमत मात्र पुन्हा चढू दिली नाही.

आरसी हातात आली की चष्मा कपाळावरून नाकावर येतो. ते कार्ड त्यांना सातबाराच दिसतं. मालकाचा अनुक्रमांक 3 म्हणजे दोन फेरफार झालेले. कर्ज देणाऱ्या बँकेचं नाव म्हणजे इतर हक्कातला बोजा. “कर्ज फिटलंय हो, दोन वर्षं झाली,” असं विकणारा म्हणतो. “तुमच्याकडून फिटलं. कागदावरून कुठे फिटलंय? फॉर्म 35 आणि बँकेची एनओसी आरटीओत द्या, बोजा उतरवा, मग बोलू.” हल्ली मोबाइलवर एमपरिवहनमध्ये नंबर टाकला की गाडीची कुंडली दिसते. पण तिथे मालकाच्या नावातली निम्मी अक्षरं झाकून चांदण्या टाकलेल्या असतात. भाऊसाहेबांना हा व्यक्तिशः अपमान वाटतो. “सातबाऱ्यावर कधी चांदण्या बघितल्यास का रे?”

मग चासी नंबर. पत्र्यावर कोरलेल्या त्या आकड्यांवर कागद धरून पेन्सिल घासायची, ठसा काढायचा, आरसीशी अक्षर न् अक्षर ताडायचं. एखादा आकडा शेजाऱ्यापेक्षा ठेंगणा किंवा वाकडा निघाला की भाऊसाहेब पिशवी आवरायला घेतात. कारण विचारलं तर म्हणतात, “खाडाखोड.”

मीटरवर त्यांचा काडीचा विश्वास नाही. “मीटर म्हणजे पीकपाहणी. बांधावर न जाता चावडीत बसून लिहिलेली.” हे ते ज्या आत्मविश्वासाने सांगतात, त्यावरून त्यांच्या नोकरीच्या काळातल्या पीकपाहण्यांबद्दल शंका येते, पण ती कोणी बोलून दाखवत नाही. मीटर म्हणतं बावीस हजार किलोमीटर. भाऊसाहेब खाली वाकून क्लचच्या पायट्याचं रबर बघतात, ते गुळगुळीत. टायरवरचे शेवटचे चार आकडे वाचतात: 2319, म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा. गाडी 2015 ची. “बावीस हजारांत चारही टायर बदलले? औताला जुंपली होती का?” मग सर्व्हिसची बिलं मागायची. प्रत्येक बिलावर तारीख आणि किलोमीटर छापलेले असतात. मीटर मागे फिरवता येतं, बिलं नाही. विकणारा बिलं शोधायला आत जातो तो त्याच्याऐवजी त्याचा मुलगा बाहेर येतो: “बाबा म्हणाले, सापडत नाहीत.”

पूररेषा हा त्यांचा खास प्रांत. 2019 च्या ऑगस्टात सांगली-कोल्हापुरात आणि 2021 च्या जुलैत चिपळुणात पाणी शिरलं, त्यात गाड्याही बुडाल्या. अशा बुडालेल्या गाडीचे विमा कंपनी पैसे देऊन टाकते, गाडी भंगाराच्या भावात जाते आणि कोणीतरी ती धुऊन, वाळवून, अत्तर मारून उभी करतो. एकदा अशाच एका चकचकीत गाडीत शिरून भाऊसाहेबांनी नाक वर केलं. “अत्तर फार आहे.” मग सीटबेल्ट ओढत, ओढत, पार शेवटपर्यंत बाहेर काढला. शेवटच्या वीतभर पट्ट्यावर चहाच्या रंगाची सरळ रेघ. “धुणारा माणूस दिसतं तेवढंच धुतो,” ते म्हणाले आणि त्यांनी तो पट्टा विकणाऱ्याच्या हातात अदबीने ठेवला.

माझ्यासाठी त्यांनी चार महिन्यांत अकरा गाड्या नापास केल्या. एकीच्या टीटी म्हणजे मालकी बदलाच्या फॉर्मवर मालकाची सही होती, मालक मात्र फॉर्मवरच्या तारखेच्या पाच महिने आधी वारला होता. “सही त्याचीच आहे,” मालकाचा भाऊ म्हणाला, “कोऱ्या फॉर्मवर करून ठेवली होती त्याने.” भाऊसाहेब म्हणाले, “मयत इसमाला फॉर्म 29 भरता येत नाही. वारसाने 31 भरायचा.” आणि टोपी काढून दोन मिनिटं उभे राहिले, तेव्हा घरातल्यांना उगाच भरून आलं. दुसरी एक गाडी ‘फक्त मंडळींना देवदर्शनाला न्यायची’. भाऊसाहेबांनी मला मोबाइलवर ई-चलान काढायला लावलं. अतिवेग, खालापूर, मंगळवार दुपार, सोबत फोटो. मागून चहाचा ट्रे घेऊन आलेल्या वहिनींनी तारीख वाचली आणि शांतपणे विचारलं, “त्या मंगळवारी तुम्ही नाशिकला ट्रेनिंगला होतात ना?” आम्ही चहा न घेता निघालो.

नापास झालेल्या प्रत्येक गाडीनंतर भाऊसाहेबांच्या चेहऱ्यावर तेज चढायचं. आमची ही म्हणाली, “तुम्हाला गाडी घ्यायची आहे की भाऊसाहेबांना फिरवायचंय?”

बारावी गाडी वाईला एका निवृत्त गुरुजींकडे होती. 2014 ची वॅगन आर, पहिलेच मालक. गुरुजींनी गाडी दाखवलीच नाही, आधी फाइल आणली. दोन्ही किल्ल्यांच्या पाकिटावर तारीख. दर वर्षाचा विमा, दर वेळची पीयूसी, सर्व्हिसची सगळी बिलं, बोजा उतरल्याचे कागद, पंक्चरच्या दोन पावत्यासुद्धा. भाऊसाहेब पाऊण तास पानं उलटत होते. त्यांचा चेहरा हळूहळू पडत गेला. चुंबक सगळीकडे चिकटलं. बेल्ट शेवटपर्यंत कोरडा. ते अस्वस्थपणे गाडीभोवती फिरले, डाव्या मागच्या चाकापाशी बसले, आणि एकदम उजळून म्हणाले, “पावत्या दोन. टायरला पंक्चर तीन.”

गुरुजींनी मान खाली घातली. “तिसरं जावयाने काढलं. पावती आणली नाही. तेव्हापासून त्यांना गाडी देत नाही.”

भाऊसाहेबांनी गुरुजींकडे ज्या नजरेने पाहिलं, त्या नजरेने त्यांनी माझ्याकडे कधी पाहिलं नव्हतं.

सौदा ठरला. मी खिशात हात घातला तर गुरुजी म्हणाले, “आता तुमचे कागद.” मी हसलो. ते हसले नाहीत. “गाडी माझ्या नावावर राहिली आणि तुम्ही कुणाला ठोकलंत, तर भरपाई माझ्या अंगावर येते. सुप्रीम कोर्टाचा 2018 चा निकाल आहे. कोरा फॉर्म कुणाला देत नाही. चौदा दिवसांत मी 29 पाठवणार, तीस दिवसांत तुम्ही नावावर करून घ्यायची. विमाही चौदा दिवसांत तुमच्या नावावर. नो क्लेम बोनस माझा, तो गाडीबरोबर येत नाही.” मग माझं आधार कार्ड त्यांनी भिंगाखाली धरलं. भिंग भाऊसाहेबांनीच पुढे केलं. “हा पत्ता गोडोलीचा. तुम्ही तर शाहूपुरीत राहता म्हणालात.”

“भाड्याचं घर बदललं, गुरुजी. पत्ता बदलायचा राहिलाय.”

“मग नोटीस कुठे जाणार?”

मी भाऊसाहेबांकडे बघितलं. ते गुरुजींच्या शेजारी जाऊन बसले होते. “बरोबर आहे त्यांचं,” ते म्हणाले.

एसटीत बसल्यावर मी म्हटलं, “भाऊसाहेब, चांगली गाडी गेली हो.”

“गाडीचं काय घेऊन बसलास! माणूस बघितलास का? जावई, अरे! सख्खा जावई!”

आधार केंद्राच्या रांगेत दोन खेपा घालून मी पत्ता बदलला. नवं कार्ड येताच वाईला फोन लावला. “येऊ का, गुरुजी?”

“या. पण भाऊसाहेब आलेत, गेले तीन रविवार येतायत. आज त्यांच्या घराचा उतारा बघत होतो.” गुरुजींचा आवाज खाली आला. “आई वारून एकोणीस वर्षं झाली, अजून तिचंच नाव. वारस नोंद नाही! तलाठी होते म्हणे.”