वेगळ्या चुलीचे पंतप्रधान

८ ऑक्टोबर २०२५ रोजी ब्रिटनचे पंतप्रधान कीर स्टार्मर अंधेरीच्या यशराज स्टुडिओत येऊन गेले. म्हणजे आम्हा जोगेश्वरीकरांच्या पार उंबऱ्यापर्यंत. सोबत उद्योगपती-कुलगुरूंचा सव्वाशे जणांचा लवाजमा. डोव्हरहून फ्रान्सचा किनारा जेमतेम तेहेतीस किलोमीटर, पण ३१ जानेवारी २०२० ला ब्रिटनने युरोपीय संघापासून चूल वेगळी केली, मग गिऱ्हाईक शोधत सात हजार किलोमीटर यावंच लागतं!

शेजाऱ्यांशी गोडी लावणं चालूच आहे म्हणा. मे २०२५ मध्ये लंडनला युरोपीय संघाशी समझोता झाला. त्यांच्या मच्छीमारांना ब्रिटनच्या पाण्यात २०३८ पर्यंत मुभा, बदल्यात खाद्यपदार्थांच्या तपासण्या कमी करायचं आश्वासन. सामायिक बाजारपेठेत मात्र परतणार नाहीत. सोसायटीचं सदस्यत्व नको, मेंटेनन्स नको, फक्त लिफ्टची चावी द्या!

आपल्या वाट्याला काय? यशराजचे तीन सिनेमे २०२६ पासून ब्रिटनमध्ये चित्रित होणार, अशी घोषणा झाली. व्हिसा वाढवून मिळणार नाहीत, हे साहेबांनी विमानातच पत्रकारांना सांगून टाकलं. तेव्हा जोगेश्वरीतल्या ज्युनियर आर्टिस्ट मंडळींनो, बॅगा माळ्यावरच राहू द्या.