सहलप्रमुख

वसईतल्या कुठल्याही धर्मग्रामात जा. फादर बदलतात, सहलप्रमुख बदलत नाही. बँकेतून नाहीतर पालिकेतून निवृत्त झालेला गृहस्थ. अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, गळ्यात रोझरी आणि तिच्याशेजारी शिट्टी. सप्टेंबरात बांद्र्याची जत्रा तोंडावर आली की रविवारच्या मिस्सानंतर हा चर्चच्या दारात वही घेऊन उभा. ‘पैसे मागनं देते’ म्हणणाऱ्या मावशीला देवाच्या दारात नाही कसं म्हणायचं? म्हणून तिचं नाव तो पेन्सिलीने लिहितो. पैसे हातात पडले की मग शाई.

बस साडेपाचला सोडायची असेल तर वेळ साडेचारची सांगतो. हे सगळ्यांना ठाऊक, त्यामुळे सगळे पावणेसहाला येतात. मग मोजणी. एकोणपन्नास भरतात, पन्नासावा सापडत नाही. पन्नासावा तो स्वतःच असतो, हे पुढच्या बाकावरची एखादी शाळकरी पोर सांगते. खाडीचा पूल येईपर्यंत रोझरीची सांगता होते आणि फुग्यांचा डबा उघडतो. उलटी होणाऱ्यांना खिडकी, असा त्याचा नियम आहे. त्यामुळे निम्म्या बसला उलटी होते, निदान बसायच्या वेळी तरी.

दिवस तो बुधवारच धरतो. माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये बुधवारची नोव्हेना १९४८पासून चालू आहे आणि तिथली गर्दी कुठल्याही एका धर्माची नसते. बसमधल्या हिंदू शेजारीणबाईंना नऊ बुधवारांचे नेम आमच्या पोरांपेक्षा चोख पाठ. या मुद्द्यावर सहलप्रमुख माइकवरून पोरांची जी हजेरी घेतो, ती फादरांच्या प्रवचनापेक्षा लांबते.

माइक हीच त्याची खरी भक्ती. बांद्र्याच्या टेकडीवर मोतमाऊलीची आताची इमारत १९०४ची, १९५४मध्ये तिला बॅसिलिकेचा मान मिळाला, इतकं तो एका दमात उरकतो. मग घसा खाकरतो. सगळे ओळखतात, आता वसई येणार. ‘पण भारतात जन्मलेला पहिला संत कुठला? आपल्या वसईचा!’ गोन्सालो गार्सिया, नागासाकीला १५९७ साली क्रुसावर हुतात्मा, १८६२ साली संत, असा सगळा पाढा. एकदा कुणीतरी जुन्या गोव्याच्या बॉम जेझूचं कौतुक काढलं. ‘तिच्या दर्शनी बाजूचा काळा दगड कुठून गेला? वसईहून!’ गोष्ट खरी आहे, त्यामुळे वादही घालता येत नाही. पन्नास माणसांना पहाटे उठवून हा मुंबईला नेतो तो मुंबई दाखवायला नव्हेच.

दर्शनाला चाळीस मिनिटं. प्रत्यक्षात त्यातली तीस मेणबत्तीवाल्यांकडेच जातात. तिथे मेणाचे हात, मेणाचे पाय, मेणाची बाळं, मेणाची घरं. ज्याचा जो नवस. गुडघेदुखीवाल्या आजी पायांची जोडी घेतात आणि ‘दुखतो एकच, दोनचे पैसे कशाला?’ म्हणून हुज्जत घालतात. घर घेणाऱ्या सूनबाईंना घर पसंत पडत नाही, गॅलरी नाही म्हणून. सहलप्रमुख शिट्टी वाजवतो. आपल्या बसखेरीज बाकी सगळ्या बसचे लोक धावत येतात.

परतीच्या वाटेवर उत्तनची वेलंकनी माता. इथे तो जरा सैलावतो, कारण सगळे दमलेले, माइकची बॅटरी उतरलेली आणि समोर समुद्र. कुणी सुकेळी पुढे करतं. तीन देवळं झाली तरी याचे गुडघे कुठे टेकलेले कुणी पाहिलेले नसतात. आत सगळे डोळे मिटतात तेव्हा हा दारात उभा राहून चपला आणि माणसं मोजतो. बायको म्हणते, ‘ह्यांची मेणबत्ती मीच लावते, दरवर्षी.’

रात्री वाडीच्या नाक्यावर उतरताना हिशेब वाचून दाखवतो. उरलेले एकशे दहा रुपये चर्चच्या पेटीत टाकायचे की पुढच्या वर्षीच्या चहाला ठेवायचे, यावर पाऊण तास चर्चा. त्याच्यापेक्षा चांगली सोय टूरवाले करतात, थंडगार बसही देतात. तरी लोक यालाच पैसे देतात, आणि बरोबर करतात; टूरवाला मागे राहिलेल्या आजीला शोधायला टेकडी पुन्हा चढत नाही.

तुम्हीही जरूर जा. फक्त बांद्र्याला ‘इथून समुद्र काय सुंदर दिसतो!’ असं त्याच्यासमोर म्हणू नका. समुद्र वसईलाही आहे.