अकरा नंबरची बस

फुटबॉलमध्ये विंगर होणं म्हणजे पंगतीत शेवटच्या पानावर बसणं. वाढपी निघतो तेव्हा जिलेबीचं ताट भरलेलं असतं. आपल्यापर्यंत पोचतो तेव्हा त्यात पाक उरलेला असतो. मधली मंडळी चेंडू आपापसात खेळवत राहतात. तिथे कोंडी झाली की मग कुणाला तरी आठवतं, अरे, कडेला तो एक उभा आहे! लांबून चेंडू येतो. तो थोपवायचा, समोरच्या बॅकला चकवायचं, खडूच्या रेघेवरून जीव घेऊन धावायचं आणि एवढं करून चेंडू परत मधल्याच कुणाला तरी द्यायचा. गोल त्याचा, फोटो त्याचा. विंगर तोवर कॉर्नरच्या झेंड्यापाशी धापा टाकत असतो.

माझं माहेर कोल्हापूर. हे सांगितलं की बंगळूरच्या बसवनगुडीतल्या शेजारणी लगेच महालक्ष्मी आणि चपलांवर येतात. पाटाकडील आणि दिलबहारचा सामना असला की शाहू स्टेडियमवर गाव लोटतं आणि पेठापेठांत अबोला होतो, हे इथे कुणाला खरं वाटत नाही. इथे क्रिकेट. त्याला इलाजही नाही, कारण अनिल कुंबळे ज्या नॅशनल हायस्कूलात आणि नॅशनल कॉलेजात शिकला ती याच भागातली. बंगळुरात फुटबॉल म्हणजे पलीकडच्या कॅन्टोन्मेंटकडचा विषय: ऑस्टिन टाउन, अलसूर, गौतमपुरा. गौतमपुऱ्यात तर बुद्ध, आंबेडकर आणि मदर तेरेसांच्या सोबतीला पेलेचा पुतळा आहे. आमच्याकडे एका दगडातून कोरलेला प्रचंड नंदी आहे, आणि तो बसलेला आहे. दैवताचंच काम बैठं, तिथे भक्तांनी काय म्हणून धावावं?

मामंजींचा फुटबॉलवर आक्षेप नाही, फक्त त्यांना त्यात काही घडताना दिसत नाही. ‘नव्वद मिनिटांत एक-शून्य? म्हणजे स्कोअररला पगारी रजा,’ असं ते म्हणतात. तरी मी जुने सामने लावले की शेजारी येऊन बसतात, विशेषतः कडलेकाई परिशे होऊन गेली असेल तर. कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारच्या त्या जत्रेतून शेंगांची एवढी पोती घरोघर येतात की त्या फोडायला नव्वद मिनिटांचं काहीतरी लागतंच.

अशाच शेंगा फोडताना मला झोल्तान त्सिबोर भेटला. हंगेरीचा लेफ्ट आउट, अकरा नंबरचा शर्ट. आपल्याकडे पायी जायचं असलं की ‘अकरा नंबरच्या बसनं’ जातात. या माणसाची बस मात्र सुटली की कुणाला हात दाखवून थांबवता येत नसे. तिकडे त्याला ‘वेडा पक्षी’ म्हणत. त्याच्या आजूबाजूला कोण होतं ते आधी बघा. पुश्काश, ८५ सामन्यांत ८४ गोल. कोचिश, ६८ सामन्यांत ७५. शिवाय हिदेगकुती आणि बोझिक. आणि हा, ४३ सामन्यांत १७. आकडे बघून निवड करणारी समिती असती तर याला पाणी न्यायला ठेवलं असतं.

आता २५ नोव्हेंबर १९५३चा वेम्ब्लीचा सामना बघा. हंगेरीनं इंग्लंडला त्यांच्या घरात ६–३ हरवलं. हिदेगकुतीचे तीन, पुश्काशचे दोन, बोझिकचा एक. त्सिबोरचा शून्य. त्यातला पुश्काशचा एक गोल जगभर दाखवतात. तो तळव्याखाली चेंडू मागे ओढतो आणि इंग्लंडचा कप्तान बिली राइट जिथे चेंडू नाही तिथे घसरत जातो. पण चेंडू तिथवर आणला कुणी? डाव्या बाजूचा त्सिबोर भटकत भटकत उजवीकडे गेला होता, त्यानं आत शिरून तो दिला. मी ती फीत मागे नेऊन मामंजींना दाखवली. ते म्हणाले, ‘हां, म्हणजे हा समोरच्या टोकाला उभा राहणारा. शतक दुसऱ्याचं, पळापळ याची.’ सासरची उपमा आहे. मी मुकाट घेतली.

पुढच्या वर्षी बर्नला वर्ल्ड कपची फायनल. हंगेरी चार वर्षं हरली नव्हती. समोरच्या पश्चिम जर्मनीला तर त्याच स्पर्धेत आधी ८–३ धुतलेलं. प्रशिक्षक शेबेश यांनी फायनलसाठी त्सिबोरला डावीकडून काढून उजवीकडे उभं केलं. बंगळुरात राहणाऱ्याला हा प्रकार लगेच कळतो. बसमध्ये, बँकेत, लग्नाच्या हॉलमध्ये रोज ऐकू येतं ते वाक्य: ‘स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी.’ थोडं सांभाळून घ्या. पुश्काश दुखऱ्या घोट्यानं खेळला तरी त्याची जागा ठरलेली. सरकायचं ते कडेच्यानं. सरकला, आणि आठव्या मिनिटाला गोलही केला. २–० झालं. मग जर्मनीनं तीन घातले, त्यांतले दोन हेल्मुट रानचे. तोही विंगर! एका विंगरनं कमावलं, दुसऱ्यानं नेलं आणि हळहळ मात्र सगळी पुश्काशच्या वाट्याला आली, कारण शेवटी शेवटी त्यानं केलेला गोल ऑफसाइड ठरला.

मामंजी इथे गप्प झाले. मग म्हणाले, ‘आपली गाठ पडली होती का गं यांच्याशी?’

पडता पडता राहिली. त्यातही पहिला धागा बंगळूरचाच. १९३७ आणि १९३८ला लागोपाठ मुंबईचा रोव्हर्स कप इथल्या बंगलोर मुस्लिम्स संघानं नेला; तोवर तो गोऱ्या पलटणींच्या घरचा होता. याच गावच्या रामननं १९४८च्या लंडन ऑलिंपिकमध्ये फ्रान्सविरुद्ध आपला एकमेव गोल केला. आणि याच गावचा अहमद खान. १९५२ला हेलसिंकीच्या थंडीत आपले बरेच गडी अनवाणी खेळले आणि युगोस्लाव्हियानं आपल्याला १०–१ हरवलं. तो ‘१’ अहमद खानचा. त्याच युगोस्लाव्हियाला हंगेरीनं अंतिम सामन्यात २–० हरवून सुवर्ण जिंकलं. एक गोल पुश्काशचा, एक त्सिबोरचा. म्हणजे युगोस्लाव्हियाच्या जाळ्यात चेंडू घालण्याच्या बाबतीत अहमद खान आणि त्सिबोर त्या स्पर्धेत बरोबरीत सुटले. ‘मग हे पेपरात का नाही आलं?’ मामंजींनी विचारलं. अहमद खान २०१७ साली बंगळुरातच गेले.

१९५६ला मेलबर्नला भारताची पहिली गाठ हंगेरीशी होती. पण ऑक्टोबरात बुडापेस्टमध्ये उठाव झाला, नोव्हेंबरात रशियन रणगाडे आले, आणि हंगेरीचे पोहणारे, धावणारे मेलबर्नला पोचले तरी फुटबॉल संघ आला नाही. आपल्याला पुढे चाल मिळाली. मग ऑस्ट्रेलियाविरुद्ध गोव्यात जन्मलेल्या, मुंबईत टाटांकडून खेळणाऱ्या नेव्हिल डिसूझानं तीन गोल केले आणि आपण चौथे आलो. त्या चौथ्या नंबरावर आपण आजही जगतो. दुसऱ्याच्या घराला आग लागली म्हणून आपल्याला वाट मिळाली, एवढं मनाशी असावं. खरी भेट १९६०च्या रोम ऑलिंपिकमध्ये झाली. हंगेरी २–१नं जिंकली, आपला गोल डावीकडून खेळणाऱ्या बलरामचा. त्सिबोर तेव्हा त्या संघात असणं शक्यच नव्हतं.

कारण रणगाडे आले त्या हिवाळ्यात त्याचा होनवेद क्लब युरोपियन कपसाठी देशाबाहेर होता. बिल्बाओविरुद्धचा घरचा सामना घरी खेळणं शक्य नव्हतं, तो ब्रसेल्सला झाला. तिथे होनवेदचा गोलकीपर जखमी झाला. बदली खेळाडू घ्यायची तेव्हा सोय नव्हती. हातमोजे कुणाला द्यायचे? पुश्काशला कसे देणार, कोचिशला कसे देणार! दिले त्सिबोरला. जगातल्या सर्वांत वेगवान विंगरांपैकी एक माणूस दोन खांबांच्या मध्ये उभा. इथे मी शेंगा बाजूला ठेवल्या. मामंजींनीच म्हटलं, ‘स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी.’ सामना ३–३ सुटला, क्लब स्पर्धेबाहेर गेला.

त्सिबोर, पुश्काश आणि कोचिश परत गेले नाहीत. बंदी आली, ती भोगली. १९५८ला त्सिबोर बार्सिलोनात आला, १९५९ आणि १९६०ला स्पॅनिश लीग जिंकली, फेअर्स कपच्या फायनलमध्ये बर्मिंगहॅमला दोन गोल मारले. मग ३१ मे १९६१. युरोपियन कपची फायनल, समोर बेन्फिका. मैदान कुठलं? बर्नचं तेच वँकडॉर्फ. त्सिबोरनं गोल केला, कोचिशनं केला, बार्सिलोनाचे फटके खांबांना आपटत राहिले आणि निकाल तोच, २–३. बेन्फिकाचा प्रशिक्षक बेला गुटमान, तोही हंगेरीचाच. एवढं जुळवून आणलेलं कादंबरीत लिहिलं असतं तर संपादकांनी साभार परत पाठवलं असतं. पुढे एस्पान्योल, बासेल, व्हिएन्ना, कॅनडातलं हॅमिल्टन. शेवटी तो हंगेरीतल्या कोमारोमला परतला आणि १९९७ला वारला. त्या गावच्या मैदानाला आता त्याचं नाव आहे.

बसवनगुडीत फुटबॉल अजून रुजलेला नाही, पण मेट्रो आली आहे. नॅशनल कॉलेज स्टेशनवर बसायचं, मॅजेस्टिकला बदलायचं, कब्बन पार्कला उतरायचं; कांतीरवा स्टेडियम चालत जाण्याच्या अंतरावर. मामंजी एकदा आलेही. बंगळूर एफसीनं २०१९ला पहिल्यांदा आयएसएल जिंकली तो एकुलता एक गोल ११७व्या मिनिटाला मुंबईच्या राहुल भेकेनं डोक्यानं केला होता, हे त्यांना मी वाटेत सांगितलं. भेके राइट बॅक, म्हणजे कडेचाच माणूस. मराठी आहे म्हटल्यावर मामंजींना एकदम फुटबॉल कळायला लागला.

तुम्हीही जाल तेव्हा एक करा. चेंडू पलीकडच्या बाजूला असेल तेव्हा दोन मिनिटं अलीकडच्या विंगरकडे बघा. त्याच्याकडे कॅमेरा नसतो, त्यामुळे टीव्हीवर तो दिसत नाही. त्यासाठी तिकीट काढावं लागतं. आणि शेंगा घरून नेऊ नका, दारावर काढून घेतात.