शेवटची बोरिवली आणि नाताळचा खून

श्रीराम राघवन यांचा ‘मेरी ख्रिसमस’ पडद्यावर आला तो १२ जानेवारी २०२४ ला, संक्रांतीच्या तोंडावर. आधी जाहीर झालेली डिसेंबरची तारीख टळली आणि नाताळच्या आदल्या रात्रीचं गूढ लोकांनी तिळाचे लाडू खायच्या दिवसांत उकललं. तशी नाताळच्या गूढकथांच्या या घराण्याला उशिराची सवयच आहे. नाताळच्या हंसाच्या पोटातून निळं रत्न निघतं ती शेरलॉक होम्सची कथा ‘स्ट्रँड’ मासिकात आली जानेवारी १८९२ मध्ये. ‘डाय हार्ड’मधले बंदूकधारी नाताळच्या पार्टीत घुसतात, अमेरिकेत तो चित्रपट लागला १९८८ च्या जुलैत.

राघवन यांनी कथानक घेतलं फ्रेडरिक दार या फ्रेंच लेखकाच्या १९६१ च्या कादंबरीवरून. आई वारल्यावर कित्येक वर्षांनी घरी परतलेला एकटा पुरुष, उपाहारगृहात छोट्या मुलीला घेऊन बसलेली अनोळखी बाई, जरा ओळख, जरा ओढ, मग तिचं घर आणि घरात प्रेत. विजय सेतुपती आणि कतरिना कैफ यांनी ही रात्र जुन्या बॉम्बेच्या रस्त्यांवर निवांत काढली.

निवांत काढली, कारण दोघांपैकी कुणालाही बोरिवलीला जायचं नव्हतं.

प्रेम जमायला आणि संशय यायला एक अख्खी रिकामी रात्र लागते. बोरिवलीकर नायकाची रात्र चर्चगेटहून एकच्या सुमारास सुटणाऱ्या शेवटच्या लोकलला बांधलेली असते. नायिका डोळ्यांत पाणी आणून भूतकाळ सांगायला लागली, की हा घड्याळाकडे बघून विचारणार, “उरलेलं गाडीत सांगाल का?”

समजा, गाडी मिळाली. बोरिवलीच्या आय. सी. कॉलनीत खिडक्याखिडक्यांत चांदण्या लटकताहेत, येशूजन्माचे गोठे सजलेत. सोसायटीच्या फाटकाशी वॉचमन वही पुढे सरकवतो, “साहेब, एंट्री.” नाव, फ्लॅट नंबर, कोणाकडे, वेळ, सही. सुतळीने बांधलेलं पेन उमटत नाही. नायक ते झटकतो, तळहातावर गिरवून बघतो आणि होणाऱ्या खुनाचा पहिला पुरावा स्वतःच्या अक्षरात लिहून देतो.

अगाथा ख्रिस्तीने १९३८ च्या ‘हर्क्यूल पॉयरोज ख्रिसमस’मध्ये म्हातारा यजमान आतून बंद खोलीत मारला. तिचं घर ऐसपैस होतं. इथे वन-बीएचकेत वसईचे पाहुणे उतरले आणि गाद्या पडल्या, की खोलीचं दार लागतच नाही.

शिवाय कुलकुल, नाताळचा गोड फराळ. मैद्याच्या गोळ्या काट्याच्या पाठीवर दाबून एकेक वळायची, मग तळायची. हे एकटीचं काम नव्हे. शेजारच्या चारजणी बसतात. किलोभर मैदा संपेपर्यंत कोण कुणाकडे कितीदा आलं, जिन्याने की लिफ्टने, याचा तपास पूर्ण झालेला असतो. पोलिसांनी फक्त डबा घेऊन बसायचं.

खुन्याची शेवटची आशा म्हणजे मिस्सा, चर्चची नाताळची प्रार्थना. रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक चालत नाही, म्हणून मैदानावरची ‘मध्यरात्रीची’ मिस्सा बऱ्याच ठिकाणी त्याआधीच आटोपते. आपला खुनी मात्र कादंबऱ्या वाचून तयार झालेला. इन्स्पेक्टरने विचारताच तो छातीवर हात ठेवून सांगणार, “बारा वाजता मी मिस्सेत होतो.”

आणि कुलकुलचा डबा मांडीवर घेऊन बसलेली तिसऱ्या मजल्यावरची आँटी म्हणणार, “ती दहाला सुटली, बाबा. आणि तू तेव्हाही नव्हतास.”